बक नक्की कुठून आला?
‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ वाचलीये ना? आता ती संशोधकाच्या नजरेने वाचा. जॅक लंडन १८९७ मध्ये सोनं शोधायला क्लोंडाइकला गेला. सोनं फारसं मिळालं नाही, पण डॉसनमध्ये बॉन्ड बंधूंचा कुत्रा भेटला. कादंबरीतला बक त्याच्यावरूनच बेतलेला. आणि स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचे बारकावे? त्यातले काही एगर्टन यंग या मिशनऱ्याच्या १९०२ च्या पुस्तकातून आले. कादंबरी निघाली १९०३ मध्ये. पुढे उचलेगिरीचा आरोप झाला, तेव्हा लंडनने आधार घेतल्याचं मान्य केलं. यंगला आभाराचं पत्र लिहिलं होतं, असंही सांगितलं. कादंबरीला हे चालत असेलही. पण तुमच्या प्रबंधात असं केलंत, तर परीक्षक ते पत्र मागणार नाहीत, तळटीप मागतील.