एकाच चाळीतले दोन तरुण : वरळी, १९७४

तरुण बिथरला आहे, धर्मवेडा झाला आहे, त्याच्या हातात दगड आला आहे, अशी ओरड आपल्याकडे वरचेवर होते. ओरडणाऱ्यांना बिथरलेले सगळे तरुण सारखेच दिसतात. अन्यायाविरुद्ध उठलेला आणि शेजाऱ्याविरुद्ध उठवलेला, या दोघांना 'अतिरेकी' या एकाच पोत्यात कोंबले की प्रस्थापितांची सोय होते. परंतु या दोघांना शेजारी शेजारी उभे करून पाहता येईल अशी एक जागा मुंबईत आहे : वरळीच्या बी.डी.डी. चाळी.

सन १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास खात्याने या चाळी बांधल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. काही चाळींत बौद्ध, काहींत मराठा व इतर सवर्ण, काहींत पोलिसांची बिऱ्हाडे. बाप बहुतेक गिरणीत. अर्थात गिरणीतही जात सुटली नव्हतीच. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव असे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपपुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. त्या बापांची पोरे सत्तरीच्या दशकात शिकून बाहेर पडली आणि नोकरीच्या रांगेत उभी राहिली. रांग एक, खोलीचा आकार एक, वयही एकच. मग वाटा वेगळ्या का झाल्या?

सवर्ण पोराला वाट दाखवायला शिवसेना हजर होती. १९६० साली सुरू झालेल्या 'मार्मिक'ने परप्रांतीयांच्या नावांच्या याद्या छापून त्याच्या बेकारीला एक चेहरा दिला आणि १९ जून १९६६ रोजी सेना स्थापन झाली. हा चेहरा पुढे बदलत गेला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी दाक्षिणात्य, मग कम्युनिस्ट (१९७० साली परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेवर सेनेचा पहिला आमदार निवडून आला), मग दलित, आणि ऐंशीच्या दशकात मुसलमान. शत्रू बदलला, बेकारी तशीच राहिली. या पोराचा धर्म त्याला जन्माबरोबर मिळालेला होता; त्याविषयी प्रश्न विचारण्याची गरज त्याला कोणी भासू दिली नव्हती. म्हणून तो धर्म हवा तेव्हा, हवा त्याच्याविरुद्ध वापरता येत होता.

बौद्ध पोराची गोष्ट निराळी. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्याच्या आईबापांनी धर्म टाकला होता आणि धर्म घेतला होता. धर्म ही निवडण्याची, तपासण्याची गोष्ट आहे, हे त्याने घरातच पाहिले. त्याचा असंतोषही कल्पित शत्रूवर पोसलेला नव्हता. इलायापेरुमल समितीचा अहवाल १९७० साली संसदेत आला; देशभरच्या अत्याचारांची नोंद त्यात सरकारी भाषेत होती. १९७२ मध्ये पुणे जिल्ह्यात बावड्याला दलितांवर बहिष्कार पडला, परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिनी 'साधना'त ढाल्यांचा लेख आला आणि पांढरपेशा महाराष्ट्र राष्ट्रध्वजाच्या काळजीने व्याकुळ झाला. ब्राह्मणगावच्या बातमीने तो इतका व्याकुळ झाल्याचे आढळत नाही.

मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक, त्यांना सेनेचा पाठिंबा. ५ जानेवारी १९७४ ला वरळीला सभा झाली. ढाल्यांनी हिंदू देवदेवतांची चिकित्सा केली, सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या पँथरवर पडल्या. चाळीवर चाळ उठली. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला; परळला वरून दगड आला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. निवडणुकीत आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. चौकशीला भस्मे आयोग नेमला गेला.

येथवरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पुढचा भाग जरा घाईने उरकतो. १९७३ च्या जाहीरनाम्यात ढसाळांनी 'दलित' या शब्दात कामगार, भूमिहीन, स्त्रिया अशा सगळ्या शोषितांना घेतले होते. त्यावर हा कम्युनिस्टांचा जाहीरनामा आहे, असा आक्षेप आला आणि १९७४ च्या उत्तरार्धात पँथर फुटली. बुद्ध की मार्क्स, हा प्रश्न बाबासाहेबांनी काठमांडूला नोव्हेंबर १९५६ मध्ये स्वतः चर्चेला घेतला होता. साध्य आणि साधन यांची तुलना करून, युक्तिवादाने. आपण त्या प्रश्नाची निष्ठेची कसोटी केली. तपासून घेतलेला धर्मही दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी वापरला, की त्याची जात बदलू लागते. मार्च १९७७ मध्ये ढाले-पवारांनी पँथर बरखास्तच केली. पुढच्या वर्षी, २७ जुलै १९७८ ला, विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पोचिराम कांबळे मारले गेले त्या वेळी मुंबईची मूळ संघटना उरलेली नव्हती. औरंगाबादेत नव्याने उभ्या राहिलेल्या भारतीय दलित पँथरच्या तरुणांना ते ओझे उचलावे लागले.

अहमदाबादेकडे पाहिले तर हा प्रश्न अधिक बोचरा होतो. १९८१ साली वैद्यकीय शिक्षणातील राखीव जागांच्या निमित्ताने तेथे दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १९८५ साली इतर मागासवर्गीयांच्या वाढीव जागांविरुद्ध आंदोलन उठले आणि पाहता पाहता त्याची हिंदू-मुसलमान दंगल झाली. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. २००२ मध्ये हल्लेखोरांच्या जमावात काही दलित तरुणही होते. ज्याला १९८१ मध्ये हिंदू मानले गेले नव्हते, त्याला एकवीस वर्षांनी हिंदू म्हणून हाक मारण्यात आली आणि त्याने ओ दिली. त्याच्या हाताला काम नव्हते हे खरे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. वरळीच्या बौद्ध पोराच्या हातालाही काम नव्हते. फरक असा, की वरळीच्या पोराच्या वस्तीत विहार होता, वाचनालय होते, रात्री वाद घालणारी मंडळे होती. ही मंडळे आज किती वस्त्यांत चालू आहेत, याची मोजदाद आपल्या एकाही संघटनेने केलेली नाही.

मुंबईचा हिशेब तर अर्धाच आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले बहुतेक परतलेच नाहीत. १९९२-९३ च्या दंगलीत ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. १९७४ मध्ये ज्यांनी सभेवर दगड टाकले, ते संपात कुठे होते आणि जानेवारी १९९३ मध्ये कुठे होते? सभेत बसलेले कुठे होते? बी.डी.डी. चाळी आता पाडल्या जात आहेत, बिऱ्हाडे हलत आहेत. दोन्ही बाजूंचे ते तरुण आज सत्तरीच्या पुढे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन त्यांच्याकडे जायचे, तर ते आताच जायला हवे. आणि दगड टाकणाऱ्याच्या घरी आधी.