वाण्याच्या वहीतली रेघ

नोव्हेंबर 1928. रत्नागिरीजवळची एक वाडी. तुमचं वय नऊ, आणि तुम्ही खळ्यात नव्या पेंढ्यावर बसला आहात.

"काकी, पगार आला गो!" पोस्टमन बेड्यावरूनच हाक मारतो. आई पदराला हात पुसत येते. डाव्या अंगठ्याला शाई, कागदावर ठसा. पंधरा रुपये मोजताना तिचे ओठ हलतात. मनिऑर्डरीच्या तळाचा मजकूर तुम्हीच वाचायचा. घरात शाळेत जाणारे तुम्हीच. बाबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलंय : संप मिटला, गिरणी चालू झाली, वाण्याचं आधी द्या.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्या बंद होत्या. गिरणीच्या भोंग्यावर कोकणातल्या किती चुली पेटतात, ते त्या सहा महिन्यांत कळलं.

'पगार' हा शब्द जिभेवर तसाच धरा आणि दाभोळच्या खाडीवर या. डिसेंबर 1508. बंदर जळतंय. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा चौलच्या लढाईत पडलेल्या मुलाचा सूड उगवतोय. धुरानं तुमचे डोळे चुरचुरतात. या गलबतांवरच्या खलाशांच्या तोंडी 'पागार' आहे, म्हणजे पैसे देणं. स्पॅनिश माणूसही हाच शब्द वापरतो. क्रियापद त्यांचं, त्याचं नाम आपण केलं.

आणखी मागे, रोमन फौजेच्या धुळीत. सीझर गॉल जिंकतोय आणि जिंकलेल्या मुलखाला 'पाकारे' केलं म्हणतोय : शांत केलं. तलवारीनं. मुळाशी 'पाक्स', शांतता. इंग्रजीतला 'पीस' तिथलाच, पॅसिफिक महासागराचं नावही तिथलंच. पुढे कित्येक शतकांनी शांत करायचा राहिला तो दारात उभा असलेला धनको. त्याला पैसे देऊन शांत करणं म्हणजे 'पागार', आणि फ्रेंचांकडून इंग्रजीत गेलेला 'पे'. दाभोळ जळलं ते जुन्या अर्थानं. आईच्या मुठीत आहे तो नवा अर्थ, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

तो कळायला लॅटिन लागत नाही. आपल्याकडेही भांडण मिटतं, संप मिटतो आणि देणंही मिटतंच.

आता परत चला, आई दुकानाशी पोचलीसुद्धा. वाणी लाल वही उघडतो, बोट फिरवत ओळी मोजतो : तांदूळ, मीठ, रॉकेल, पुन्हा तांदूळ. टाक बुडवून वरच्या अर्ध्या ओळींवर आडवी रेघ ओढतो.

"निम्मं मिटलं, वैनी."

आणि तुमच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतो. तो वहीत लिहीत नाही.