जॅक रसेल टेरिअर : मूर्ती लहान, उत्साह महान

ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा जुन्या तबकड्यांमुळे मराठी घरांना परिचित आहे. निपर नावाचा तो कुत्रा टेरिअर कुळातला मानला जातो. याच कुळातील जॅक रसेल टेरिअर ही छोटेखानी जात. मात्र केवळ आकार पाहून तिची निवड करणाऱ्यांचा अंदाज हमखास चुकतो.

मूळ : इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील धर्मोपदेशक जॉन रसेल (१७९५-१८८३) यांचे नाव या जातीला मिळाले. बिळात दडलेल्या कोल्ह्याला बाहेर काढणे हे या कुत्र्यांचे मूळ काम. उंची २५ ते ३० सेंटीमीटर, वजन ५ ते ६ किलो आणि प्रामुख्याने पांढरा रंग ही त्यांची ओळख.

स्वभाव : हा कुत्रा हुशार, धीट आणि तितकाच हट्टी असतो. जमीन उकरणे, भुंकणे, उंदीर-खारींच्या मागे धावणे त्याच्या रक्तातच आहे. त्याला रोज किमान तासभर व्यायाम हवा. तो न मिळाल्यास घरातील वस्तूंची नासधूस ठरलेली.

उन्हाळ्यातील काळजी : नेमकी येथेच नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कसोटी लागते. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याचे शरीर मुख्यत्वे धापा टाकून थंड होते आणि खेळाच्या भरात हा कुत्रा थांबत नाही. त्यामुळे त्याला सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर, डांबरी रस्ता निवल्यावरच फिरवावे. धाप थांबेना, लाळ गळू लागली वा तो अडखळू लागला, तर अंग साध्या पाण्याने भिजवून, वारा घालत तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.

आरोग्य : रेबीज, डिस्टेंपर व पार्व्होच्या लसी वेळेवर द्याव्यात. उंदरांमागे धावणाऱ्या या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लसही आवश्यक ठरते. विष खाऊन मेलेला उंदीर त्याच्या तोंडी लागू देऊ नये. गोचिडांसाठी अंग नियमित तपासावे. कांदा, द्राक्षे व चॉकलेट वर्ज्य.

कायदा : सतत बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. रोजचा एक तास देणे शक्य नसेल, तर हे पिल्लू घरी न आणणेच त्याच्या हिताचे.