नार्कोलेप्सी, बालवयातील : रक्तातील जैवसूचक

नार्कोलेप्सी हा मेंदूतील झोप-जागृतीचे नियमन बिघडल्याने होणारा दीर्घकालीन विकार असून त्याच्या पहिल्या प्रकारात हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील ओरेक्सिन (दुसरे नाव हायपोक्रेटिन) हे जागृतिकारक द्रव्य तयार करणाऱ्या चेतापेशी जवळजवळ नष्ट होतात. मुलांमध्ये दिवसा अनावर झोप येते, वजन झपाट्याने वाढते, आणि हसता-खेळता स्नायू ढिले पडतात. आजाराच्या आरंभी तर काही मुलांच्या पापण्या अर्धवट मिटतात, जबडा सैल पडतो व जीभ बाहेर येते, आणि भावनेचे निमित्त नसतानाही ही लक्षणे दिसत असल्याने त्यांचा अर्थ आळस, खोड्या किंवा फिट असा लावला जातो आणि निदान लांबते. रक्ताच्या साध्या तपासणीवर निदान व्हावे ही अपेक्षा मुख्यतः या विलंबामुळे निर्माण झाली.

ओरेक्सिनचे मापन : १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे द्रव्य शोधले. २००० मध्ये निशिनो व सहकाऱ्यांनी ९ रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवाची, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची, तपासणी केली असता ७ जणांत ते मोजण्याजोगे आढळले नाही. पुढे दर मिलिलिटरला ११० पिकोग्रॅम वा त्याहून कमी ही निदानाची मर्यादा रूढ झाली. रक्तात मात्र हे द्रव्य अत्यल्प असते आणि रक्तद्रवातील इतर घटक मापनात व्यत्यय आणतात, त्यामुळे रक्तातील पातळीवरून रुग्ण व निरोगी व्यक्ती यांत खात्रीचा भेद करता येत नाही. मुलाच्या पाठीत सुई टोचून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याला अद्याप समतुल्य पर्याय नाही.

एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ : प्रतिरक्षा यंत्रणेतील पेशींना प्रथिनांचे तुकडे ‘दाखवणाऱ्या’ रेणूचा हा आनुवंशिक प्रकार असून रक्तातील सर्व सूचकांत त्याचेच महत्त्व सर्वाधिक मानावे लागते. जपानमध्ये १९८०च्या दशकात नार्कोलेप्सीचा एचएलए-डीआर२शी असलेला जो संबंध आढळला, त्याचेच हे नेमके रूप होय. पहिल्या प्रकारच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो असतो. परंतु अनेक लोकसमूहांतील साधारण १२ ते ३० टक्के निरोगी व्यक्तींतही तो असतो, तर नार्कोलेप्सीचे रुग्ण लाखात २५ ते ५० एवढेच असल्याने केवळ तो आढळला म्हणून निदान करणे सर्वथा चूक ठरते. त्याची खरी उपयुक्तता नकारात आहे : तो नसेल तर ओरेक्सिनचा अभाव असण्याची शक्यता फारच कमी होते, आणि मुलाला पाठीत सुई टोचायची की नाही हे ठरवताना ही माहिती मोलाची असते.

प्रतिरक्षाविषयक सूचक : आजार नुकताच सुरू झालेल्या रुग्णांत स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धचे एएसओ प्रतिपिंड वाढलेले आढळले असून काळ जाईल तसे ते घटतात. ट्रिब२ या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड २०१० मध्ये वर्णिले गेले. ते काही रुग्णांतच सापडतात. ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड व स्वीडनमध्ये पॅन्डेमरिक्स या एच१एन१ फ्लूच्या लशीनंतर मुले व किशोरवयीनांत नव्या रुग्णांची वाढ नोंदली गेल्यावर संशोधनाचा रोख टी-पेशींकडे, म्हणजे प्रतिरक्षा यंत्रणेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडे, वळला. या पेशींविषयीचा २०१३ मधील एक गाजलेला निबंध पुढील वर्षी मागे घेतला गेला. २०१८ मध्ये ओरेक्सिनच्याच तुकड्यांना प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी रुग्णांच्या रक्तात दाखवण्यात आल्या, तथापि फ्लूच्या विषाणूशी या तुकड्यांचे साधर्म्य किती, यावर एकमत नाही. अशा टी-पेशींची चाचणी संशोधनशाळेपुरतीच आहे.

इतर : भुकेचे नियमन करणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

निदानातील स्थान : निदान आजही लक्षणे, रात्रभराची निद्राचाचणी व दुसऱ्या दिवशीची बहु-निद्रा-विलंब चाचणी (दिवसा किती लवकर झोप लागते हे मोजणारी) यांवर आणि आवश्यक तेथे मस्तिष्क-मेरुद्रवातील ओरेक्सिनवर होते. एकट्या रक्ततपासणीच्या अहवालावरून मुलाला नार्कोलेप्सी आहे असे ठरवता येत नाही.