डबीला रेंज का येत नाही

खामगावला जगाशी जोडायचं काम पहिल्यांदा झालं ते कापसासाठी. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली, पण ती जलंबवरून गेली आणि वऱ्हाडातला एवढा नावाजलेला कापूस बाजार जेमतेम 13 किलोमीटरवर बाजूला राहिला. मग जलंब-खामगाव फाटा टाकला गेला. मार्च 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेली तार सुएझ, एडन करत मुंबईला लागली. लिव्हरपूलला कापसाचा भाव काय निघाला, हे कळायला आता आगबोटीची वाट पाहावी लागत नव्हती. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाण्यात आलं ते 1905 साली.

तार आली ती कापसाच्या गाठींच्या सोयीसाठी. ती कशी जोडायची, कुठे अडली तर कशी सोडवायची, हे गाठी बांधणाऱ्या माणसाच्या हातात कधी आलं नाही. 15 ऑगस्ट 1995 ला देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढे ते टेलिफोनच्या वायरीतून आमच्या गावातही आलं, तरी तीच तऱ्हा राहिली. लाइनमन येणार, मोडेम लावणार, जाणार. म्हणून माझ्या लेखी या जिल्ह्यातल्या जोडणीच्या इतिहासाला खरं वळण मिळालं ते तळहातावर मावणाऱ्या, एकाच पट्टीवर सगळा संगणक असलेल्या यंत्रांनी. मी खामगावात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. धर्मकाट्यावरचं वजन ऑफिसात दाखवायला, शाळेत इंटरनेटशिवाय धडे पुरवायला ही यंत्रं लावून देतो. गावाकडे त्यांना सरळ ‘डबी’ म्हणतात.

यातली सगळ्यात गाजलेली रास्पबेरी पाय. ती 29 फेब्रुवारी 2012 ला इंग्लंडमध्ये विक्रीला आली, किंमत 35 डॉलर. तिला केबलची खाच होती, वायफाय नव्हतं. वायफाय हवं तर यूएसबीचा डोंगल लावायचा आणि ‘इंटरफेसेस’ नावाच्या फाइलमध्ये हाताने ओळी लिहायच्या: केबलच्या बाजूचं नाव ईथ-झिरो, वायफायच्या बाजूचं डब्ल्यूलॅन-झिरो, आणि प्रत्येकापुढे पत्ता कुठून घ्यायचा ते. एक अक्षर चुकलं की डबी मुकाट बसायची. पडदा जोडलेला नसेल तर ती जिवंत आहे की नाही, तेही फक्त हिरव्या दिव्यावरून ताडायचं. पण याच फाइलने कितीतरी पोरांना जोडणी म्हणजे काय ते शिकवलं, असं मी ठामपणे म्हणेन. तिच्यात काहीच झाकलेलं नव्हतं.

पत्ता मिळायच्या तऱ्हा दोन. आठवडी बाजारात येईल त्याला त्या दिवसापुरती जागा मिळते, तसा राउटर येईल त्या यंत्राला काही वेळापुरता पत्ता देतो. याला डीएचसीपी म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे कायम ठरलेला पत्ता. धर्मकाट्याच्या डबीला तोच लागतो, नाहीतर ऑफिसातल्या संगणकाने वजन मागायचं कुणाकडे? 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1994 मध्ये घरच्या, आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. तिसरा आकडा राउटर बनवणारा आपल्या मनाने ठेवतो. जुना राउटर 192.168.1 वाला आणि नवा 192.168.29 वाला निघाला, की ठरलेल्या पत्त्याची डबी जुन्याच गल्लीत उभी राहते. सरकी भरलेली गाडी काट्यावर आणि ऑफिसात आकडा नाही, असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: राउटर कधी बदलला?

2015 मध्ये पायच्या प्रणालीत पत्त्यांचा कारभार डीएचसीपीसीडी या प्रोग्रामकडे गेला. ठरलेला पत्ता आता वेगळ्याच फाइलमध्ये लिहायचा होता. जुन्या फाइलमध्ये लिहिलेलं आणि नव्या फाइलमध्ये लिहिलेलं आपसात भांडायचं, आणि झेरॉक्स काढलेल्या टिपणांवर साल नसल्यामुळे पोरं दोन्हीकडे लिहून ठेवायची.

2016 मध्ये पाय-3 आली, वायफाय अंगातच घेऊन. डोंगल गेला. एसडी कार्डावर वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहिलेली एक फाइल टाकली की डबी पहिल्याच सुरुवातीला ती उचलायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत पडदा न नेता काम होऊ लागलं. त्याच वर्षाअखेर दुरून आत शिरायचं दार, म्हणजे एसएसएच, आधीपासून बंद ठेवायचं ठरलं. कारण सगळ्या डब्यांचा पासवर्ड एकच होता, आणि असल्या पासवर्डच्या उपकरणांना मिराई नावाच्या प्रोग्रामने त्या साली जगभर वेठीला धरलं होतं. हे दार बंद केलं ते योग्यच केलं, मग आमचं काम एका पायरीने वाढलं तरी.

2018 च्या पाय थ्री-बी-प्लसपासून आणखी एक अट आली. देश सांगितल्याशिवाय वायफाय सुरूच होत नाही. कोणत्या लहरी वापरायच्या, याचे नियम देशादेशाचे वेगळे. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये विनापरवाना वापराला खुला झाला. एका शाळेतल्या मॅडमचा फोन मला आठवतो: “भाऊ, मोबाइलले तं रेंज येते, मंग या डबीले कावून नाही येत?” मी म्हटलं, “मॅडम, तिले अजून देश सांगितला नाही.” त्यांनी यादीतून भारत निवडला आणि वायफाय लागलं.

त्या शाळेत डबी वायफाय घेत नाही, देते. कोलिब्री हा मोफत प्रोग्राम कार्डावर भरलेला आहे, आणि मुलांचे टॅब डबीच्याच वायफायला जोडले जातात. पूर्वी यासाठी दोन प्रोग्राम बसवायचे. एक लहरी सोडणारा होस्टएपीडी, फिनलंडच्या यौनी मालिनेन यांचा. दुसरा पत्ते वाटणारा डीएनएस-मास्क, इंग्लंडच्या सायमन केली यांचा. दोघांच्या फाइली एकमेकींशी जुळल्या तरच गाडी चालायची. ऑक्टोबर 2023 च्या बुकवर्म आवृत्तीने सगळा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे दिला. त्याला हॉटस्पॉटची एक आज्ञा दिली की तो स्वतः 10.42.0.1 हा पत्ता घेतो आणि पुढचे टॅबना वाटतो. काम सोपं झालं यात शंका नाही. पण कार्डावर वायफायची फाइल टाकायची जुनी युक्ती त्याच आवृत्तीपासून बंद पडली, आणि ती युक्ती सांगणारी टिपणं जिल्हाभर अजून फिरताहेत.

म्हणून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक डबीच्या झाकणाआतून मी मराठीत चिठ्ठी चिकटवतो: प्रणालीची आवृत्ती आणि साल, जोडणीचा कारभार कुणाकडे, पत्ता ठरलेला की राउटरने दिलेला, राउटरचा तिसरा आकडा कोणता. पासवर्ड तिथे लिहीत नाही, तो शाळेच्या नोंदवहीत असतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही मी आधी ही चिठ्ठी वाचायला लावतो, आणि मगच कीबोर्डला हात लावू देतो.