ॲब्लेशन झालं, तरी धडधड परत का येते?

यवतमाळचा रुग्ण दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात जाऊन हृदयाचं ॲब्लेशन करून घेतो आणि आठवडाभरात छातीत पुन्हा तीच धडधड. घरच्यांचा पहिला प्रश्न, 'पैसे वाया गेले का?' इतक्या लवकर ते सांगता येत नाही. कारण आहे दाह, म्हणजे जखमेभोवती येणारी सूज.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. ही गडबड बऱ्याचदा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होते, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन त्या तोंडांभोवतीचा भाग उष्णता देऊन किंवा गोठवून निकामी करतात. थोडक्यात, मुद्दाम केलेली जखमच. ती भरेपर्यंत सुजलेल्या भागातून चुकार ठोके निघू शकतात.

मग किती थांबायचं?

पूर्वी पहिले तीन महिने निकालात धरत नसत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात ही मुदत आठ आठवड्यांवर आणली. त्यानंतरही त्रास राहिला, तर बहुधा जखमेच्या वर्तुळात फट राहिलेली असते आणि दुसऱ्या ॲब्लेशनचा विचार होतो. सुरुवातीची धडधडही सोडून देण्यासारखी नाही; ती होणाऱ्यांमध्ये पुढे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून ठेवला, तर नागपूरच्या डॉक्टरांना नेमकं कळतं. आणि बरं वाटलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये. ती किमान दोन महिने लागतेच, अनेकांना पुढेही.

सूज उतरवणारी गोळी घेतली तर? कोल्चिसिन तीन महिने दिल्यावर फायदा झाल्याचं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पुढे दहा दिवसांच्या चाचणीत मात्र फायदा नाही, उलट जुलाब वाढले.

हा ताप साधा नव्हे

पहिले काही दिवस छातीत थोडं दुखणं नेहमीचं. पण नंतरच्या आठ आठवड्यांत ताप, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी किंवा लकवा यातलं काहीही झालं, तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी थांबू नये. हृदयाला लागूनच मागे अन्ननलिका असते. क्वचित तिथे भोक पडतं आणि ते जिवावर बेततं. तपासणाऱ्या डॉक्टरांना ॲब्लेशन झाल्याचं आधी सांगावं. अशा वेळी छातीचा सीटी स्कॅन करतात. एंडोस्कोपी टाळतात, कारण त्यात भरलेली हवा भोकातून हृदयात शिरू शकते.