कार्बनविना उमटलेली अक्षरे

१/७
पावतीपुस्तकाच्या वरच्या पानावर लिहिलेले खालच्या पानावर उमटते. मध्ये कार्बन पेपर मात्र नसतो. या साध्या सोयीमागे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्यांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे एक टोक अमेरिकेतील एका नदीच्या गाळात रुतलेले आहे.

२/७
कलिल पदार्थ विशिष्ट परिस्थितीत पाण्यापासून दाट द्रवाच्या रूपाने आपोआप वेगळे होतात. १९२९ मध्ये बुंगेनबर्ग डी याँग आणि क्रुइट या डच रसायनशास्त्रज्ञांनी या घटनेला 'कोॲसर्व्हेशन' असे नाव दिले.

३/७
ओहायोतील डेटन शहरी असलेली नॅशनल कॅश रजिस्टर ही कंपनी दुकानांसाठी रोकडयंत्रे बनवीत असे. पावतीच्या स्वच्छ प्रती हा तिच्या जिव्हाळ्याचा विषय होता. तेथील बॅरेट ग्रीन आणि लोवेल श्लायकर यांनी हीच घटना कामी लावली.

४/७
रंगहीन रंजकद्रव्य तेलात विरघळवून त्या तेलाचे सूक्ष्म थेंब जिलेटिन आणि अरबी डिंकाच्या कोमट द्रावणात पसरवले जात. द्रावण आम्लधर्मी केले की जिलेटिन धनभारित होते, डिंक ऋणभारित राहतो. दोहोंचे मीलन होऊन प्रत्येक थेंबाभोवती पापुद्रा धरतो. गारव्याने तो गोठतो. एकेक कुपी कोणी घडवत नाही. अनुकूल परिस्थिती लाभताच ती स्वतःच घडते.

५/७
अशा कुप्यांचा लेप वरच्या कागदाच्या पाठीवर दिला जाई. लेखणीचा दाब पडेल तेथल्याच कुप्या फुटत. बाहेर आलेले रंजकद्रव्य खालच्या कागदावरील आम्लधर्मी मातीच्या थराला भिडताच निळे होई.

६/७
परंतु १९५४ ते १९७१ या काळात कुप्यांतील तेल म्हणून पीसीबी हे रसायन वापरले गेले. विस्कॉन्सिनमधील फॉक्स नदीच्या काठी हा कागद तयार होई. त्याचे कपटे तेथल्याच काही गिरण्या पुन्हा लगद्यासाठी घेत. सांडपाण्यावाटे पीसीबी नदीत उतरले, गाळात साठले, माशांच्या चरबीत साचले. १९७६ मध्ये तेथील मासे खाण्याबाबत इशारा द्यावा लागला. गाळ उपसण्याचे काम २०२० पर्यंत चालले.

७/७
१९७१ नंतर तेल बदलले. कुप्यांचे तंत्र पुढे सुगंधापासून औषधांपर्यंत पोहोचले. कुपी केव्हा फुटावी, याचे उत्तर डेटनमध्ये अचूक सापडले होते. रद्दीत गेलेल्या कागदावर न फुटलेल्या कुप्यांचे काय होते, याचे उत्तर मात्र नदीने दिले.